पेटी येते, आता ब्लूज पियानो: आधी एकट्याने की सोबत्यांबरोबर?

तुमचा प्रश्न असा: लहानपणी काही वर्षं पेटी शिकलात, आता चाळिशीत कीबोर्ड घेतलाय, त्यावर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, वाजवायचाय. मुलुंडला तसा शिकवणारा मिळत नाही, आणि नवशिक्यांच्या गटात बसायची लाज वाटते, म्हणून आधी वर्षभर घरी एकट्याने हात बसवावा का?

नको. वर्षभर तर अजिबातच नको. बारा बारचं (बार म्हणजे मात्रांचा एक खंड) एक आवर्तन मोजता आलं की त्याच आठवड्यात कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसा. मीही अजून शिकतेच आहे, त्यामुळे हे गुरूचं मत नाही, बरोबरच्या विद्यार्थिनीचं आहे. आम्ही चौघं दादरला एकीच्या घरी जमतो. पूर्वी रविवारी जमायचो. मेगाब्लॉकला कंटाळून शनिवार संध्याकाळ धरली. तुम्हीही मध्य रेल्वेवाले, तेव्हा हे आधीच सांगून ठेवते.

सोबत्यांचा आग्रह मी ब्लूजच्या घडणीमुळे धरते. याचा सांगाडा ठरलेला असतो. बारा बार, प्रत्येकात चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. तुम्हाला सोयीचं करून सांगायचं तर सोळा-सोळाच्या तीन ओळी, लांबीने तीन तीनताल. सा पांढरी एकला धरा. पहिल्या ओळीत चारही बार सा ची कॉर्ड, म्हणजे सा ला मूळ धरून एकदम दाबलेले स्वर. दुसरीत दोन बार मध्यमाची, दोन पुन्हा सा ची. तिसरीत एक बार पंचमाची, एक मध्यमाची आणि शेवटचे दोन सा ची. सरावल्यावर अगदी शेवटच्या बारला पंचम घेतात, म्हणजे कान आपोआप पुढच्या समेकडे ओढला जातो. एवढं चौघांना माहीत असलं की कोण किती शिकलंय याला फारसा अर्थ उरत नाही. एकाने डाव्या हाताने नुसते मूळ स्वर धरले आणि दुसऱ्याने वर तीन स्वरांत काहीतरी गुणगुणलं, तरी ते संगीत वाटतं. नवशिक्याला पहिल्या महिन्यात दुसऱ्याबरोबर वाजवू देणारे प्रकार फार नाहीत.

आता तुमच्या पेटीबद्दल. तिचा फायदा मोठा आहे आणि अडचणही तिथेच आहे.

फायदा असा की उजव्या हाताचे स्वर तुम्हाला जवळजवळ येतात. धानी रागाचे पाच स्वर घ्या, सा, कोमल ग, म, प, कोमल नी, आणि मध्ये तीव्र म घाला: झाली ब्लूजची सप्तकातली सहा घरं. तीव्र मध्यमावर मुक्काम करायचा नाही, म किंवा प कडे जाताना घासून जायचं. दुसरं म्हणजे कोमल गंधाराला निसटतं बोट लावून शुद्ध गंधारावर येणं. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या मुलांना हे समजावून द्यावं लागतं. तुम्ही त्याला कणस्वर (मुख्य स्वराआधी निसटता लागणारा स्वर) म्हणाल आणि वाजवून मोकळे व्हाल. पट्टीच्या वाद्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही, तेव्हा मींडेचा भास असाच करायचा, हे पेटीवाल्यांना कुणी शिकवायला नको.

दोन्ही गंधार एकाच वेळी ऐकून मात्र पहिले काही दिवस अस्वस्थ व्हाल. डाव्या हातात शुद्ध ग, उजव्यात कोमल. जोग रागात दोन्ही गंधार येतात, पण एकावर एक आदळत नाहीत. इथे ते आदळतात आणि तेच हवं असतं. आणखी एक: आपला कान तंबोऱ्यावर पोसलेला, सा हलत नाही ही त्याची खात्री. पाचव्या बारला खालची कॉर्ड मध्यमावर जाते आणि उजवा हात मात्र त्याच सहा घरांत राहतो. तिथे पायाखालची फरशी सरकल्यासारखं वाटतं. आमच्यातल्या गाणं शिकलेल्या दोघांचंही त्या पाचव्या बारला असंच व्हायचं. कॉलेजातला गिटारवाला मुलगा तिथे निवांत असायचा.

अडचण डाव्या हाताची. पेटीवर तो आयुष्यभर भाता मारतो. त्याला स्वतंत्र बोटं आहेत हेच माहीत नसतं. म्हणून सुरुवातीला पूर्ण चार स्वरांच्या कॉर्ड लावत बसू नका. दोन बोटांचा उपाय सांगते. सा च्या कॉर्डसाठी फक्त शुद्ध ग आणि वरचा कोमल नी दाबा. मध्यमाच्या कॉर्डसाठी दोन्ही बोटं एकेक पट्टी खाली सरकवा: कोमल ग आणि शुद्ध ध. पंचमाच्या कॉर्डसाठी मूळ जागेपासून एकेक पट्टी वर: म आणि शुद्ध नी. पट्टी म्हणजे काळी-पांढरी सगळ्या धरून लगतची. झालं, अख्खा ब्लूज दोन बोटांत बसला. मूळ स्वर शेजारी बसलेला सोबती खाली वाजवील. एकट्याने शिकलात तर मूळ स्वर, या दोन बोटांची कॉर्ड आणि वरची सुरावट हे सगळं एकदम सांभाळायला जाल आणि दिवाळीपर्यंत कीबोर्डवर चादर पडेल.

लय सरळ ठेवू नका. एका मात्रेचे तीन भाग करा. पहिला स्वर दोन भाग धरायचा, दुसरा तिसऱ्या भागावर पडायचा. याला शफल म्हणतात. मिनिटाला साठ-सत्तर मात्रांच्या वर सुरुवातीला जाऊच नका.

आमची बैठक कशी चालते ते सांगते, कारण गट नुसता जमून उपयोग नसतो. एकाच कीबोर्डवर दोघं बसतात, एक खालच्या अर्ध्यात, एक वरच्या. तिसरा मोठ्याने बार मोजतो. हे काम आमच्याकडे बहुधा एका निवृत्त काकांकडे असतं. ते भजनी मंडळात तबला धरायचे, त्यांचं मोजणं घड्याळापेक्षा पक्कं. चौथा ऐकतो. एक आवर्तन झालं की जागा बदलायच्या. कुणीही चुकलं तरी थांबायचं नाही, समेवर भेटायचं. वरचा हात दोन बार वाजवतो आणि दोन बार गप्प बसतो, त्या रिकाम्या जागेत दुसऱ्याने उत्तर द्यायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं, मला अजूनही. ऐकणाऱ्याने शेवटी एकच गोष्ट सांगायची, तीही त्याने काय ऐकलं ती. ‘छान’ एवढंच म्हणायला आमच्याकडे बंदी आहे. आठवड्यात मध्ये एकदा प्रत्येकाने फोनवर एका आवर्तनाचं रेकॉर्डिंग पाठवायचं, जसं असेल तसं. काकांच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे कुकरच्या शिट्ट्या असतात आणि त्या कधीकधी लयीत असतात.

लाजेचं म्हणाल, तर या संगीताची वाढच शेजारपाजारच्या खोल्यांत झाली आहे. १९२०च्या दशकात शिकागोत घरभाडं भागवायला लोक घरीच पार्टी ठेवत, येणाऱ्यांकडून थोडे पैसे घेत आणि कोपऱ्यात एक पियानोवाला असे. अल्बर्ट ॲमन्स आणि मीड लक्स लुईस हे दोघं पियानोवाले तिथे टॅक्सी चालवायचे. काही काळ ते आणि तिसरा पियानोवाला पाइनटॉप स्मिथ एकाच इमारतीत राहत होते, एकमेकांचं ऐकत होते. १९३८मध्ये ॲमन्स आणि लुईस न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवत होते. जिमी यान्सी हा पियानोवाला तर शिकागोच्या बेसबॉल मैदानाची निगा राखायची नोकरी करत वाजवत राहिला. आपल्या शहरालाही हे परकं नाही: टेडी वेदरफोर्ड हा शिकागोत गाजलेला कृष्णवर्णीय पियानोवादक १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत असे. आणि २०११पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव भरू लागला. तिथल्या गर्दीत तुम्हाला हवे तसे सोबती सापडण्याची शक्यता कुठल्याही क्लासपेक्षा जास्त.

सोबती किती? तीन किंवा चार. पाचाच्या पुढे गेलात की पाळी येईपर्यंत चहा होतो आणि चहानंतर गप्पा. सगळे सारख्याच पातळीचे नसले तरी चालतं, थोडा पुढचा एक असावाच. फक्त वेगाने बोटं फिरवून दाखवणारा घेऊ नका; त्याच्यापुढे बाकीचे हात आखडतात.

शिक्षक नकोच असं मी म्हणत नाही. मुंबईत बहुतेक पियानो शिक्षक ट्रिनिटीसारख्या ग्रेडच्या परीक्षांच्या वाटेने नेतात. ती वाट वाईट नाही, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) येईल, बोटांची शिस्त लागेल. पण तुम्हाला ब्लूज हवाय हे पहिल्याच दिवशी सांगा. चौघांनी मिळून महिन्यातून एकदा कुणाला बोलावणं हा खिशालाही परवडणारा मार्ग आहे.

वाद्य बदलायची घाई नको. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड दोघांना पुरतो, फक्त तो टच सेन्सिटिव्ह असावा, बोटाच्या जोराप्रमाणे आवाज कमीजास्त करणारा. नाहीतर कणस्वर आणि मुख्य स्वर सारखेच ठणठणतात. ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो कसा लागतो हे बघायचं असेल तर धोबी तलावला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात जाऊन हात लावून या, लगेच विकत घ्यायची गरज नाही. शेजाऱ्यांची काळजी असेल तर हेडफोनसाठी एक स्प्लिटर घ्या, लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळतो, म्हणजे दोघं एकाच वेळी ऐकू शकता. मोजणाऱ्याला मात्र त्या वेळी बोटांनीच मोजावं लागेल.