मीरा, स्मेर आणि लॅटिनने गिळलेला सकार

प्रश्न असा आला आहे : "मृत्यूकडे चाललेल्या ताऱ्यांभोवतीच्या वायूतल्या मेसरबद्दल (म्हणजे रेडिओ लहरींच्या लेसरबद्दल) एक लेख वाचला. त्यात 'मीरा प्रकारचे तारे' असं वारंवार येतं. हे नाव संत मीराबाईवरून दिलंय का? आणि मेसरला मराठी प्रतिशब्द काय?"

नाही. मीराबाईवरून नाही. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात दुर्बिणीशेजारी उभा राहिलेला कुणीतरी उत्साही निवेदक "आणि हा आपल्या मीराबाईंचा तारा" असं ठोकून देतो, मंडळी भक्तिभावाने माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या फोनवर फिरतं. मीराबाईंना ताऱ्याची गरज नाही, आणि ताऱ्याला तर मुळीच नाही.

हा तारा तिमिंगल समूहातला. ऑगस्ट १५९६मध्ये डेव्हिड फॅब्रिशियस या उत्तर जर्मनीतल्या पाद्र्याला तो दिसला. थोड्याच आठवड्यांत तो मंदावत मंदावत नाहीसा झाला, तेव्हा गड्याला वाटलं की नवतारा होता, विझला. पण १६०९मध्ये तो त्याला पुन्हा दिसला. (या फॅब्रिशियसचा शेवट विचित्र झाला. प्रवचनात त्याने एका गावकऱ्यावर हंस चोरल्याचा आरोप केला आणि त्या गावकऱ्याने फावडं घालून त्याला ठार केलं, असं सांगतात.) १६३८मध्ये होलवार्डा या डच माणसाने ताडलं की हा तारा ठरावीक काळाने उजळतो आणि मंदावतो. एक फेरा साधारण ३३२ दिवसांचा. ऐन भरात दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणारा, आणि उतरला की नवव्या प्रतीपर्यंत, म्हणजे दुर्बिणीशिवाय दिसणार नाही इतका, घसरणारा. मग १६६२मध्ये डान्झिगच्या (आताच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या) हेवेलियस या खगोलज्ञाने त्याला लॅटिनमध्ये नाव दिलं 'मीरा', म्हणजे अद्भुत, नवलाची. स्त्रीलिंगी का, तर लॅटिनमध्ये 'स्टेला', म्हणजे तारा, स्त्रीलिंगी आहे, म्हणून विशेषणही तसंच. बाई वगैरे कुठे नाही, निव्वळ व्याकरण आहे.

इथवर कुठल्याही पुस्तकात मिळेल. आता खरी गंमत.

लॅटिन 'मीरुस' म्हणजे अद्भुत. इंग्रजीतले मिरॅकल, ॲडमायर आणि आरशाचा मिररसुद्धा याच घरातले. या 'मीरुस'चं मूळ रूप 'स्मेइरोस' असं मांडतात. ते मोठ्याने उच्चारून पाहा. संस्कृत शिकलेल्या माणसाच्या कानात घंटा वाजायला हवी. स्मेर! पाणिनीय धातुपाठात 'ष्मिङ् ईषद्धसने' आहे, म्हणजे किंचित हसणे. त्याला 'र' प्रत्यय लागला की 'स्मेर', हसरा. जुन्या कवितेतला 'स्मेरानन' आठवा. तोच धातू, तोच 'र'. म्हणजे मीरा आणि स्मेरा ही नुसती लांबची नाती नव्हेत, अक्षराला अक्षर जुळणाऱ्या सख्ख्या बहिणी आहेत.

"पण स कुठे गेला?" असं विचारणारे असतात, आणि विचारावंच. लॅटिनला शब्दाच्या आरंभी 'स्म', 'स्न' पचत नाही, ती 'स' गिळते. पुरावा आपल्या घरातच आहे. संस्कृत 'स्नुषा', लॅटिन 'नुरुस'. अर्थ दोन्हींचा सून. आणि मराठीतली 'सून' ही त्या स्नुषेचीच लेक, प्राकृत 'सुण्हा'च्या वाटेने आलेली. लॅटिनने सकार गिळला, आपण तो राखून 'न'शी असलेली त्याची गाठ सोडवली. एकाच सुनेची दोन घरांत दोन रूपं. हे ज्याला पटलं त्याला स्मेर-मीरा पटायला अडचण नाही.

दुसरी शंका अर्थाची : हसणं आणि नवल यांचा काय संबंध? ही शंका काढणाऱ्यांनी आपण रोज वापरतो तो 'विस्मय' फोडून पाहावा. वि अधिक स्मि. हसण्याच्या धातूतूनच आपलंही आश्चर्य निघालं आहे. जे वळण लॅटिनने घेतलं तेच संस्कृतने घेतलं. असं असताना सावध कोशकार या जोडीपुढे 'बहुधा' लिहितात. लिहोत. ध्वनी जुळतो, प्रत्यय जुळतो, अर्थाचं वळण जुळतं, एवढ्यावरही 'बहुधा'च म्हणायचं असेल तर 'निश्चित' हा शब्द कोशातून काढून टाकावा.

आणि लगेच टाळ्या वाजवायला निघालेल्यांसाठी : लॅटिनने हा शब्द संस्कृतातून घेतलेला नाही. दोघींनी तो एकाच पूर्वज भाषेकडून वारशाने घेतला. वारसा आणि उसनवारी यांतला फरक ज्यांना कळत नाही ते व्युत्पत्ती करत नाहीत, अभिमान करतात.

म्हणून माझी जुनी सूचना पुन्हा : मीरा प्रकारच्या, म्हणजे मीरेसारख्या दीर्घ काळाने उजळणाऱ्या-मंदावणाऱ्या, ताऱ्यांना मराठीत 'स्मेर तारे' म्हणा. 'दीर्घावर्तनी रूपविकारी तारे' असा एक डबा परिभाषेत आहे खरा, पण तो उचलायला दोन माणसं लागतात. स्मेर दोन अक्षरांचा, मूळ नावाचा सख्खा, आणि शोभतोही, कारण हा तारा फुलतो आणि आकसतो, उजळतो आणि मंदावतो. एका परिभाषावाल्या गृहस्थांचं म्हणणं, मरत चाललेल्या ताऱ्याला हसरा म्हणणं औचित्याला धरून नाही. तारा मरत चालला आहे, दु:खात नाही.

'मरत चालला' हेही बेतानेच घ्या. 'मरणासन्न' म्हटलं की आपल्याकडे तोंडात तुळशीपत्र ठेवायची वेळ येते. या ताऱ्यांची ती अवस्था लाखो वर्षं चालते. त्यांना 'मरणोन्मुख' म्हणावं. सूर्यासारखा तारा म्हातारपणी प्रचंड फुगतो, त्याचे बाहेरचे थर स्पंदनांनी वर उचलले जातात, थंड पडून तिथे धूळ धरते, आणि ताऱ्याचा प्रकाश त्या धुळीला बाहेर ढकलतो. धुळीबरोबर वायूही जातो. अशा ताऱ्यांतून वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या एक कोट्यांशापासून दशसहस्रांशापर्यंत माल बाहेर पडतो.

मेसर निर्माण होतात ते याच वायूत. रेणू आधी ऊर्जा घेऊन चढून बसलेले असतात. योग्य तरंगलांबीची एक लहर आली की एकेक रेणू तिच्याच सुरात, तिच्याच दिशेने आपली लहर सोडतो. एकाने 'पुंडलिक वरदे' म्हणावं आणि दिंडीने 'हारि विठ्ठल' उचलावं, तसं. या मेसरचे मजलेही ठरलेले. ताऱ्याच्या अगदी अंगाशी सिलिकॉन मोनॉक्साइडचे मेसर, मग पाण्याच्या वाफेचे, आणि सगळ्यांत बाहेर हायड्रॉक्सिलचे, कारण तिथे बाहेरून येणारे अतिनील किरण पाण्याचा रेणू फोडतात. हायड्रॉक्सिलचा १६१२ मेगाहर्ट्झचा संदेश दोन शिखरांचा असतो. एक आपल्याकडे येणाऱ्या वायूचं, दुसरं पलीकडे जाणाऱ्या वायूचं. तारा उजळला की अलीकडचं शिखर आधी वाढतं, पलीकडचं काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी. त्या उशिरावरून ताऱ्याभोवतीच्या वायूच्या कवचाचा व्यास मोजता येतो.

फिलिप डायमंड आणि ॲथॉल केम्बॉल यांनी टीएक्स कॅम नावाच्या अशाच एका स्मेर ताऱ्याचं (पाहा, किती सहज बसलं) साधारण दर पंधरवड्याला निरीक्षण केलं. हवाईपासून कॅरिबियनपर्यंत पसरलेल्या दहा रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून. सिलिकॉन मोनॉक्साइडच्या मेसर ठिपक्यांची चित्रं ओळीने लावली आणि ताऱ्याभोवतीच्या वायूचा चलत्पटच तयार झाला. वायू बाहेर पडताना तर दिसलाच, पण काही परत खाली पडतानाही दिसला. आपली खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण यात का नाही, असं विचारणार असाल तर तिची मजल साधारण १४५० मेगाहर्ट्झपर्यंत आहे. हायड्रॉक्सिलचं १६१२सुद्धा तिच्या पलीकडे राहतं, सिलिकॉन मोनॉक्साइडचे मेसर तर त्याहून कितीतरी वर.

राहिला मेसरचा प्रतिशब्द. 'मायक्रोवेव्ह ॲम्प्लिफिकेशन बाय स्टिम्युलेटेड एमिशन ऑफ रेडिएशन' या लांबलचक वाक्प्रयोगाच्या आद्याक्षरांतून तो बनला. चार्ल्स टाउन्स आणि मंडळींनी १९५४मध्ये कोलंबिया विद्यापीठात अमोनिया वापरून पहिलं यंत्र चालवलं, त्याचं हे नाव. त्याच आद्याक्षरांचा 'महागड्या संशोधनासाठी पैसे मिळवण्याचं साधन' असा अर्थ लावून त्या काळी थट्टा चालायची. 'सूक्ष्मतरंग उद्दीपित उत्सर्जन विवर्धक' असं भाषांतर करता येतं, पण कशाला? लेसर आपण पचवला आहेच. मेसर लिहा, पुल्लिंगी ठेवा, अनेकवचनही मेसर, आणि 'मेसराचा' नको, 'मेसरचा'. फक्त 'मेसर किरण सापडले' म्हणताना जरा जपून. आकाशात सापडतात ते रेडिओ लहरी सोडणारे वायूचे पुंजके, आणि खगोलशास्त्रज्ञ त्या पुंजक्यांनाच मेसर म्हणतात.