सरकार छोटं केलं की शेठ लोकांचा दबाव जातो का?

प्रश्न: नमस्कार दादा, पूर्व भागात माझे टेरी टॉवेलचे आठ माग आहेत. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर त्यांनी घरीच माग टाकले, ते आता मी बघतो. आमच्याकडं कुठल्या ना कुठल्या खात्याचा माणूस येतच असतो, हा कागद दाखवा, तो का नाही, आणि शेवटी "जरा समजून घ्या". पुतण्या पुण्याला आयटीत आहे, तो म्हणतो काका सरकार एवढं मोठं आहे म्हणूनच हे सगळं, निम्मी खाती बंद करा, मग कंपन्यांना पण मंत्र्याच्या दारात जायचं कारण उरणार नाही. ऐकायला पटतं, पण माल घेणाऱ्या मोठ्या पार्टीकडं चार-चार महिने बिल अडकलं की मला पुन्हा सरकारच आठवतं. खरं काय धरायचं?
– एक यंत्रमागधारक, सोलापूर

उत्तर: पुतण्याचं अर्धं बरोबर आहे, ते आधी मान्य करतो. जिथं सही लागते तिथं सहीला भाव येतो. 1991 च्या आधी कारखान्यात किती माल काढायचा याचं सुद्धा लायसन्स लागायचं, आणि मोठी उद्योगघराणी त्यासाठी दिल्लीत खास माणसं ठेवून असायची, तुमच्या वडिलांसारख्यांना ते कुठं परवडणार होतं. पण त्यातली बरीच लायसन्सं गेली म्हणून पैसेवाल्यांचं वजन गेलं का? नाही गेलं, उलट ते निवडणुकीच्या खर्चातून आत आलं.

इलेक्टोरल बाँडचंच बघा, म्हणजे राजकीय पक्षांना देणगी द्यायला बँकेतून विकत घ्यायचे रोखे. कंपनीनं पक्षाला किती देणगी द्यायची याला आधी मर्यादा होती, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के. 2017 मध्ये ती काढून टाकली, म्हणजे तोट्यातली कंपनी सुद्धा कितीही देऊ शकत होती आणि बाँडमुळं कुणी कुणाला दिलं हे तुम्हाआम्हाला कळायचं नाही. 15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमतानं हे सगळं घटनाबाह्य ठरवलं आणि मग याद्या बाहेर आल्या. सगळ्यात जास्त बाँड घेतलेली कंपनी निघाली लॉटरीची, 1,368 कोटींचे. आता लॉटरी हा धंदा असा की चालू द्यायचा का बंद करायचा ते राज्य सरकारच्या हातात असतं, मग एवढी रक्कम कशासाठी हा प्रश्न मतदार विचारणारच, आणि त्याला तो विचारता यावा म्हणून तर नावं उघडी पाहिजेत. माझा राग आहे तो या लपवाछपवीवर. सरकारी ऑफिसं किती आहेत त्यानं यात काही फरक पडत नाही.

आणि सरकार मोठं मोठं म्हणतो आपण, पण 1 मार्च 2021 ला केंद्राच्या मंजूर साधारण 40 लाख जागांपैकी 9 लाख 79 हजार रिकाम्या होत्या, हे सरकारनंच संसदेत सांगितलंय. तुमच्याकडं कागद बघायला माणूस येतो हो, पण वायरिंग कसं आहे, रात्री कामगार आत झोपतो का, बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का हे नीट बघून सांगणारा कधी आला का? मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली, 8 जीव गेले. ती आग कशानं लागली यावर मी इथं बोलत नाही, पण त्या दिवसानंतर "इन्स्पेक्टर कमी करा" हे वाक्य माझ्या तोंडातून निघत नाही. हप्ता मागणारा जाऊ दे, पण बघणारा पाहिजे.

आता अडकलेल्या बिलाचं. 2006 च्या एमएसएमई कायद्यात स्पष्ट आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. वर्षानुवर्षं हे कागदावरच होतं. मग इन्कम टॅक्समध्ये बदल झाला, 2023-24 या वर्षापासून वेळेत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, तेव्हा कुठं हालचाल झाली, आणि बघा, लगेच हे मागं घ्या म्हणून व्यापाऱ्यांची ओरड पण सुरू झाली. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची केंद्र सरकारकडची नोंदणी, झालंय का? नसेल तर आधी ते करा, फुकट होतं, त्याच्याशिवाय यातलं काही पदरात पडणार नाही. बिलावर उद्यम नंबर छापून घ्या आणि थकलं तर केंद्राच्या एमएसएमई खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार टाका. पार्टी तुटेल ही भीती मला कळते, म्हणूनच एकट्यानं टाकण्यापेक्षा चार-पाच मागवाल्यांनी मिळून बोला.

प्रश्न: माझी आई विड्या वळते, आम्ही कुंभारीला रे नगरमध्ये राहतो. पाकिटावरचं कॅन्सरचं चित्र मोठं केलं तर कामगारांची रोजी जाते असं आईला कारखान्यात सांगतात. हे खरं का मालकांचं राजकारण?
– एक विद्यार्थिनी

उत्तर: रोजीची काळजी खोटी नाही बाळ, हजार विड्या वळल्याशिवाय चूल पेटत नाही हे मला माहीत आहे. पण त्या काळजीच्या आडून कोण बोलतं ते पण बघ. पाकिटाच्या 85 टक्के भागावर चित्र हा नियम 1 एप्रिल 2015 ला लागू होणार होता. संसदेच्या एका समितीनं तो थांबवायला लावला. समितीचे अध्यक्ष होते अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी, ते म्हणाले तंबाखूनं कॅन्सर होतो हे दाखवणारे अभ्यास परदेशातले आहेत. आणि समितीत अलाहाबादचे तेव्हाचे खासदार श्यामाचरण गुप्ता होते, त्यांचा स्वतःचाच विड्यांचा धंदा. नियम एक वर्ष लांबला, 1 एप्रिल 2016 ला लागू झाला. ज्याचा धंदा त्यानंच धंद्याच्या नियमावर बसायचं हे मला अजिबात पटत नाही, मग सरकार छोटं असो नाहीतर मोठं. आणि त्या समितीत विडी वळणारी एकही बाई नव्हती.

तू राहतेस ते घर बघ, 30 हजार घरांची वसाहत, केंद्र आणि राज्याचा पैसा, आणि त्याच्यामागं कामगारांनी काढलेले मोर्चे. आईकडं विडी कामगाराचं ओळखपत्र आहे ना? त्याच्यावर तुला केंद्राची स्कॉलरशिप मिळू शकते, अर्ज ऑनलाइन असतो, कॉलेजात विचार आणि तारीख चुकवू नकोस.