सात बाटल्या आणि चुरचुरणारे गाल

प्रश्न : ताई, माझं वय ३६. पावडर आणि काजळ यापलीकडे मी कधी काही लावलं नाही. नुकतीच बढती मिळाली, आता सारखं लोकांसमोर उभं राहून बोलावं लागतं, म्हणून चेहऱ्याकडे लक्ष द्यायचं ठरवलं. व्हिडिओ बघून एकदम सात वस्तू मागवल्या : फेसवॉश, स्क्रब, टोनर, व्हिटॅमिन सीचं सीरम, ग्लायकोलिक ॲसिडचं सीरम, क्रीम आणि फाउंडेशन. दहा दिवसांत गाल लाल झाले. साधं पाणी लागलं तरी चुरचुरतं. फाउंडेशन लावलं की चेहरा राखाडी दिसतो. माझी त्वचाच वाईट आहे का? की या वयात सुरुवात करणंच चुकलं?

– एक वाचक

उत्तर : मैत्रिणी, तुमची त्वचा वाईट नाही, तिला खरचटलंय. त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधली चरबी म्हणजे चुना. ग्लायकोलिक ॲसिड विटांची पकड सैल करतं, स्क्रब त्या खरवडून काढतो, आणि उघड्या पडलेल्या जागेवर व्हिटॅमिन सीचं आंबट सीरम. चुरचुरणार नाही तर काय होणार?

गेली बावीस वर्षं मी रंगभूषा करते. शिकाऊ होते तेव्हा रात्री रंग उतरवायला अंगाचा साबण दोनदा घासायची. आपली त्वचा किंचित आम्ल असते, पीएच (आम्लतेचं माप, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) साधारण ५, साबणाचा ९-१०. तीन महिन्यांत माझे गाल कागदासारखे कोरडे झाले होते. हसलं तरी ताणायचे. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना ते ताणणं मला पुन्हा जाणवलं.

आजपासून स्क्रब, टोनर आणि दोन्ही सीरमं बंद. रात्री सौम्य, फेस न होणाऱ्या फेसवॉशने चेहरा धुवा. सकाळी नुसतं पाणी. टॉवेलने टिपून, चेहरा ओलसर असतानाच सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर लावा, त्यात ग्लिसरीन किंवा सेरामाइड (त्या विटांमधल्या चरबीचाच एक प्रकार) असलं की झालं. जिथे जास्त लाल आहे तिथे रात्री वरून पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा. दोन आठवड्यांत उतार पडला नाही, किंवा सूज, फोड आले, तर थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मधल्या काळात कुणी हमखास गुण येणारं मलम सुचवलं, तर ट्यूबवरची नावं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइडं आहेत. चार दिवस चेहरा सुंदर दिसतो, मग मलम सोडलं की आग होते, आणि बाई पुन्हा मलमाकडे वळते. या फेऱ्यात अडकलेले चेहरे मी रंगवले आहेत. डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय लावायचं नाही, हे मी हात जोडून सांगते.

चुरचुर थांबली की सनस्क्रीन सुरू करा. नाजूक गालांना झिंक ऑक्साइडचं सोसतं. ट्यूबवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, असतो. एसपीएफ ३० नीट लावलं तर त्वचा भाजणारे अतिनील-बी किरण ९७ टक्के अडतात, ५० ने ९८. फरक एवढासाच, खरी गफलत प्रमाणात होते. तर्जनी आणि मधलं बोट यांवर दोन पूर्ण रेघा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. बहुतेकजणी याच्या निम्मंही लावत नाहीत. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, या तीनच गोष्टींवर दोन महिने काढा. पेशी खालून वर यायलाच चार आठवडे लागतात, तिशीनंतर थोडे जास्त, म्हणून आठ दिवसांत कुठल्याच क्रीमचा निकाल लागत नाही. पुढे काही नवीन आणलंत तर आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, आणि एका वेळी एकच.

आता राखाडी चेहऱ्याबद्दल. ते फाउंडेशन तुमच्या रंगाहून उजळ आहे, किंवा त्यात गुलाबी झाक आहे आणि तुमची त्वचा पिवळसर आहे. छटा हाताच्या पाठीवर बघू नका. जबड्यावर रेघ ओढा, दहा मिनिटं थांबा आणि खिडकीपाशी उजेडात आरसा धरा. जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची. गोऱ्या दिसण्यासाठी फाउंडेशन असतं हे कुणीतरी आपल्या डोक्यात भरून ठेवलंय, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. ते पूर्ण चेहऱ्यावर थापायचीही गरज नसते. नाकाच्या कडेला, डोळ्यांखाली थोडं, ओल्या स्पंजने दाबून.

गाल बरे होईपर्यंत मात्र फक्त भुवया आणि ओठ. बोलणाऱ्या माणसाकडे समोरचे तिथेच बघतात. भुवयांना केसांहून एक छटा फिकी पेन्सिल, ओठांना तुमच्याच ओठांच्या रंगाहून जरा गडद लिपस्टिक. पाच मिनिटांचं काम आहे.

वयाचं म्हणाल तर माझ्याकडे अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा लिपस्टिक लावायला शिकलेली बाई आहे, आता ती स्वतःची छटा स्वतः निवडते.

स्क्रब टाकून द्या. ग्लायकोलिकची बाटली बूच घट्ट लावून ठेवा. दोन महिन्यांनी हवं असेल तर आठवड्यातून एका रात्री, दुसऱ्या दिवशी सनस्क्रीन न चुकता. बाटलीवर उघड्या डबीचं चित्र आणि १२ एम असं लिहिलं असेल, तर उघडल्यापासून बारा महिने. उघडल्याची तारीख आजच चिकटपट्टीवर लिहून लावा.