अर्धं घरी, अर्धं शाळेत: अमेरिकेत हे जमतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही वॉशिंग्टन राज्यात राहता. मुलगी आता सहावीत जाईल. गणितात ती वर्गाच्या बरीच पुढे आहे आणि शाळेत कंटाळते, पण व्हायोलिन आणि विज्ञानाचा तास तिला शाळेतलाच हवाय. मग घरचं शिक्षण, पब्लिक (म्हणजे सरकारी) शाळेतले एक-दोन तास आणि ऑनलाइन गणित-विज्ञान यांची मोट बांधता येईल का, ऑनलाइनवर कितपत विसंबावं, कोणता प्रोग्रॅम घ्यावा, आणि मित्रमैत्रिणींचं काय?

मोट बांधता येते. आमच्या मुलाचं सहावीपासून हेच चाललंय, आता तो दहावीत आहे. अवघड भाग तुम्हाला वाटतो तिथे नाही, एवढं आधीच सांगते. आम्ही कायद्याला घाबरलो होतो आणि गणिताबद्दल निर्धास्त होतो. झालं बरोबर उलटं.

कायद्याचं आधी उरकते. वॉशिंग्टनमध्ये घरी शिकवण्याचा कायदा १९८५ पासून आहे. मूल आठ वर्षांचं झालं की दरवर्षी १५ सप्टेंबरपर्यंत ‘डिक्लरेशन ऑफ इंटेंट’ नावाचा एक कागद आपल्या डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या विभागाच्या, सुपरिंटेंडंटकडे द्यायचा. वर्षाच्या मध्येच सुरू केलं, तर शाळेचं नवं क्वार्टर, ट्रायमेस्टर किंवा सेमिस्टर लागल्यापासून दोन आठवड्यांत. त्यात परवानगी मागायची नसते, फक्त कळवायचं असतं. पालकाच्या पात्रतेचे चार मार्ग आहेत. आपल्यापैकी बहुतेकांना लागू पडणारा म्हणजे कॉलेजची ४५ क्वार्टर क्रेडिट्स किंवा त्यांच्या बरोबरीची सेमिस्टर क्रेडिट्स (ती ३० होतात). माझ्या भारतातल्या पदवीबद्दल आजवर कुणी ब्र काढलेला नाही. शिकवायचे विषय अकरा. आकड्याने दचकू नका, त्यात वाचन, लेखन आणि स्पेलिंग हेच तीन वेगवेगळे मोजलेत. वर्षातून एकदा प्रमाणित चाचणी किंवा सर्टिफिकेट असलेल्या शिक्षकाकडून मूल्यमापन करून घ्यावं लागतं. त्याचा निकाल आपल्याच घरी, आपल्याच फाइलमध्ये राहतो.

शाळेत अर्धवेळ बसण्याचा हक्कही याच राज्याच्या कायद्यात आहे: आरसीडब्ल्यू (राज्याची कायदेसंहिता) कलम २८ए.१५०.३५०. हा आकडा लिहून ठेवा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी गोड हसून सांगितलं की मूल पूर्णवेळ येतं किंवा येत नाही, मधलं काही नसतं. त्यांनी आयुष्यात असं मूल पाहिलंच नव्हतं, त्यामुळे त्यांचा राग मला आजही येत नाही. मी घरी येऊन कलम छापलं, दुसऱ्या दिवशी नवऱ्याला पाठवलं, मग डिस्ट्रिक्टच्या ऑफिसातून शाळेला फोन गेला. अर्धवेळ मुलासाठीही डिस्ट्रिक्टला तासांच्या हिशोबाने राज्याकडून पैसे मिळतात, हे मला नंतर कळलं. आधी माहीत असतं तर संभाषण लवकर आटपलं असतं. या सगळ्यात दोन आठवडे गेले आणि ऑर्केस्ट्रात मुलगा मागच्या रांगेत जाऊन बसला.

एक खड्डा मात्र नीट पाहून चाला. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये ‘पेरेंट पार्टनरशिप’ किंवा ‘एएलई’ (अल्टरनेटिव्ह लर्निंग एक्सपिरिअन्स) नावाचे कार्यक्रम असतात. मूल बराच वेळ घरीच शिकतं, आठवड्यातून दोन-तीन दिवस वर्गात जातं. चांगले असतात. पण त्यात पूर्णवेळ नाव घातलं की मुलगी कायद्याने पब्लिक शाळेची विद्यार्थिनी. मग अभ्यासाचा लेखी आराखडा, दर आठवड्याचा संपर्क, महिन्याची प्रगती हे सगळं शाळेच्या शिक्षकाच्या देखरेखीखाली. तुम्हाला मोकळीक हवी आहे की आधार, यावर निवड करा. दोन्हीला लोक ‘होमस्कूलिंग’च म्हणतात, त्यामुळे गप्पांमध्ये गोंधळ होतो. राज्य बदललं तर हे सगळंच बदलतं. आयडाहो आणि आयोवात ‘ड्युअल एनरोलमेंट’, म्हणजे घरी शिकता शिकता शाळेतही नाव, हे कायद्यातच आहे. फ्लोरिडात १९९७ पासून राज्याची स्वतःची ऑनलाइन शाळा आहे आणि तिथल्या घरी शिकणाऱ्या मुलांना तिचे कोर्स फुकट घेता येतात. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीच्या सल्ल्यावर जाऊ नका.

आता खरी डोकेदुखी: घड्याळ.

पहिल्या वर्षी ऑर्केस्ट्रा चौथ्या पीरियडला होता, पावणेअकराच्या सुमारास. कागदावर काय, एकच तास. प्रत्यक्षात साडेदहाला घर सोडायचं, पावणेबाराला परत, मग जेवण, आणि एक वाजेपर्यंत कुणाचंच चित्त ठिकाणावर नाही. सकाळी गणित रंगात आलं की नेमकं व्हायोलिन उचलायची वेळ व्हायची. बुधवारी शाळा लवकर सुटायची म्हणून सगळे पीरियड सरकायचे. असेंब्लीच्या दिवशी तर आम्हाला कुणी सांगायचंच नाही, कारण ती सूचना सकाळच्या पहिल्या तासाला वर्गात वाचून दाखवत आणि तेव्हा हा घरी. तीन वेळा पार्किंगमध्ये चाळीस मिनिटं गाडीत बसून काढली. ऑफिसात रोज सही करून आत जावं लागे, आणि नव्या माणसाने एकदा त्याच्या शर्टावर ‘व्हिजिटर’चं स्टिकर चिकटवलं. मुलाने ते व्हायोलिनच्या खोक्यावर लावलं, अजून आहे.

दुसऱ्या वर्षी शहाणपण आलं. विज्ञान आणि ऑर्केस्ट्रा लागोपाठ, पाचवा आणि सहावा पीरियड मागून घेतले. म्हणजे सकाळ सलग घरची, जेवून शाळेत, आणि शाळा सुटताना बाकीच्या मुलांसोबतच बाहेर. तो शेवटचा अर्धा तास, दप्तरं पाठीला लावून रेंगाळण्याचा, मैत्रीसाठी सगळ्यात मोलाचा ठरला. मित्रांबद्दल तुम्ही वेगळं विचारलं होतं, त्याला माझं उत्तर हेच. एकदम पहिले दोन पीरियडही चालतील. मधले नकोत, कितीही आग्रह झाला तरी.

गणिताकडे वळते, कारण आमची सगळ्यात मोठी चूक तिथली.

सहावीत त्याला एका वेबसाइटवर बसवलं. नाव घेत नाही, दोष तिचा नव्हता. रोज हिरव्या खुणा, नव्वदच्या वर टक्के, आणि आम्ही नवरा-बायको खुशीत. नोव्हेंबरात सहज म्हटलं, वही दाखव बघू. दोन महिन्यांत तीन पानं लिहिलेली, त्यातल्या एकावर ड्रॅगन. मग शेजारी बसून बघितलं. गणित आलं: एका संख्येचा ३/८ भाग म्हणजे २७, तर ती संख्या कोणती? त्याने हिंटचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा मांडणीच समोर आली, त्याने ७२ टाइप केलं, हिरवी खूण. मी कागदावर तेच गणित लिहिलं, फक्त २७ च्या जागी ४५. त्याने पेन्सिल घेतली, इकडेतिकडे पाहिलं, आणि ४५ ला ३ ने गुणून ८ ने भागलं. उत्तर १६.८७५. मी विचारलं, तुकडाच ४५ चा आहे तर अख्खी संख्या १६ कशी असेल? बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, “तिथे असं कुणी विचारत नाही.”

त्या दिवसापासून नियम केला. गणित आधी वहीत. अडलं तर कुठे अडलं ते एका ओळीत लिहायचं, मगच हिंट. आणि रात्री दहा मिनिटं मी वही चाळणार, स्क्रीन नाही. ही दहा मिनिटं टाळायची असतील तर ऑनलाइन गणिताच्या भानगडीत पडू नका असं मी स्पष्ट म्हणेन. गती मुलाची, कोर्स कुणाचाही, पण वहीवर मोठ्या माणसाची नजर लागते. त्या वह्यांचा पुढे अनपेक्षित उपयोगही झाला. आठवीत त्याला शाळेतला भूमितीचा वर्ग घ्यायचा होता. काउन्सेलरने विचारलं, बीजगणित झालंय कशावरून? मी दोन जाड वह्या टेबलावर ठेवल्या. शिक्षकांनी त्या उलटसुलट पाहिल्या, एक छोटी परीक्षा घेतली आणि वर्गात घेतलं.

कोणता प्रोग्रॅम, हे विचारलंत म्हणून. खान अकॅडमी फुकट आहे आणि राहिलेल्या फटी बुजवायला उत्तम. पुढे असलेल्या मुलांसाठी ‘आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ या ऑनलाइन गणितशाळेचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. त्यांचे थेट वर्ग पाहून तुम्ही चकित व्हाल: ना व्हिडिओ, ना आवाज. शिक्षक टाइप करून प्रश्न टाकतात, मुलं टाइप करून उत्तरं देतात. टायपिंग कच्चं असेल तर पहिले काही आठवडे रडारड होते, आमच्याकडे झाली. पण तिथे दर आठवड्याला सविस्तर लिहून पाठवायचं एखादं गणित असतं आणि त्यावर माणसाने लिहिलेला शेरा येतो. मला पैसे त्याचेच वाटतात. त्यांचंच ‘अल्क्युमस’ हे सरावाच्या गणितांचं पान फुकट आहे. आधी महिनाभर मुलीला त्यावर सोडा आणि तिच्याकडे बघत राहा. वर्गाच्या पुढे असणं आणि एका गणितावर अर्धा तास अडकून बसायला आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी नसेल तर हा कोर्स छळ वाटेल, आणि त्यात कमीपणा काही नाही. साधा, नेमस्त कोर्स वेगाने पुरा करणं हाही चांगला रस्ता आहे.

विज्ञान मात्र शाळेतच ठेवा. तुमच्या मुलीची मागणी अगदी रास्त आहे. कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन्स (स्क्रीनवरचे प्रयोग) आम्ही घरी खूप वापरली. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प फुकट आहे आणि सर्किटसारख्या विषयाला तर तोड नाही. पण सिम्युलेशनमध्ये ठोकळा पाण्यात सोडला की घनफळ दर वेळी अचूक येतं. शाळेत सातवीला त्यांनी स्टीलच्या बोल्टची घनता काढली. साधा तराजू, मोजपात्र, दोघादोघांची जोडी. आमच्या मुलाच्या जोडीदाराने पाण्याची पातळी वरून वाकून वाचली, शेजारच्या जोडीने बोल्ट टाकताना पाणी उडवलं. फळ्यावर तीन आकडे लिहिले गेले: ७.१, ७.८ आणि ९.६. बाईंनी बरोबर कोणता ते सांगितलंच नाही, कुणाच्या मोजण्यात काय झालं असेल यावर अख्खा तास वाद घालू दिला. घरी येऊन हा जेवताना सुद्धा ग्लास डोळ्यासमोर धरून पाण्याची कड बघत होता. हे मला स्वयंपाकघरात जमलं नसतं. एक तर उपकरणं नाहीत, आणि भांडायला दुसरी जोडी नाही.

हायस्कूलचं आत्ताच डोक्यात घेऊ नका, फक्त दोन गोष्टी कानावर असू द्या. एपी परीक्षा (हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेज-पातळीच्या परीक्षा) मे महिन्यात असतात, पण बाहेरच्या मुलाला बसू देणारी शाळा आदल्या शरद ऋतूतच शोधून नाव नोंदवावं लागतं. आणि अकरावी-बारावीत वॉशिंग्टनची ‘रनिंग स्टार्ट’ योजना घरी शिकणाऱ्या मुलांनाही खुली आहे. त्यात मूल कम्युनिटी कॉलेजचे वर्ग घेतं; त्यांची ट्यूशन भरावी लागत नाही, पुस्तकं आणि काही फी आपली. प्रयोगशाळा असलेलं रसायनशास्त्र आम्ही त्यातूनच घ्यायचं ठरवलंय.

घरच्यांचं म्हणाल तर माझ्या सासूबाई अजूनही दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारतात, “पण शाळेत नाव आहे ना गं त्याचं?” आहे म्हणते. दोन तासांपुरतं आहे, हे सांगत बसत नाही.

शेवटचं, अगदी व्यवहाराचं. ऑफिसात जायच्या आधी ऑर्केस्ट्राच्या शिक्षकांना मेल टाका. दुसऱ्या वर्षी आम्हाला पाचवा-सहावा पीरियड मिळाला तो कलमामुळे नव्हे. सरांना व्हायोला (व्हायोलिनचीच थोडी मोठी बहीण) वाजवणारं कुणी मिळत नव्हतं, याने व्हायोलिन सोडून ती घेतली आणि सरांनीच वेळापत्रकासाठी शब्द टाकला. व्हायोलिनवाल्यांची सगळीकडे गर्दी असते. तुमच्या मुलीची व्हायोला धरायची तयारी असेल तर त्याच मेलमध्ये तेही लिहून टाका.