मालगाडीला ठरलेली वेळ नसते का? आमच्या आडगावचं फाटक ऐन शाळेच्या वेळी अर्धा-अर्धा तास बंद असतं

गेटमन कितीही विनवलं तरी फाटक उघडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. मालगाडीवर गार्ड होतो, आता निवृत्त आहे. त्या गेटमनवर चिडू नका. सिग्नलशी जोडलेलं फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल देताच येत नाही, आणि एकदा दिला की गाडी जाईपर्यंत त्याच्या हातात काही उरत नाही.

मालगाडीला प्रवासी गाडीसारखं वेळापत्रक नसतं. माल भरला, इंजिन आणि क्रू मिळाला की ती निघते. पुढे कंट्रोल, म्हणजे गाड्या कुठून कशा सोडायच्या ते ठरवणारं ऑफिस, तिला मेल-एक्सप्रेसच्या मधून वाट काढून देतं. मागून एक्सप्रेस आली की आम्हाला तुमच्यासारख्याच छोट्या स्टेशनात लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घालायचे. तीन-तीन तास तिथेच, चहाचीही मारामार. हिशेब बघा: 58 डब्यांची गाडी जवळजवळ 700 मीटर लांब. लूपमधून 15 किलोमीटरच्या वेगाने निघाली तर मिनिटाला 250 मीटर, म्हणजे फाटक ओलांडायलाच तीन मिनिटं. त्यात समोरून दुसरी गाडी येत असेल तर मध्ये फाटक उघडायला सवड मिळत नाही. तरी रोज अर्धा तास?

मला शंका येते ती शंटिंगची, म्हणजे डबे जोडण्या-तोडण्यासाठी इंजिन पुढे-मागे करण्याची. गावात मालधक्का आहे का? खत, सिमेंट, धान्य उतरतं का? धक्का आखूड असला की अख्खा रेक, म्हणजे डब्यांची पूर्ण रांग, लागत नाही. तो तोडून दोन तुकड्यांत लावावा लागतो, आणि इंजिन फाटकावरून पुढे-मागे करत राहतं. हातात बत्ती घेऊन मी हे काम पुष्कळ केलंय. धावत्या गाडीची वेळ तुमच्यासाठी बदलणार नाही, पण शंटिंग तासभर मागेपुढे करता येतं.

म्हणून आठवडाभर वहीत लिहा: फाटक कधी पडलं, कधी उघडलं, तेव्हा गाडी जात होती की शंटिंग चालू होतं. ती वही घेऊन शाळेतर्फे स्टेशन मास्तरांना भेटा, डीआरएमना, म्हणजे विभागाच्या रेल्वे व्यवस्थापकांना, लेखी द्या. मागणी एकच ठेवा, शाळेच्या वेळेत शंटिंग नको. उड्डाणपुलासाठी दिवसभरातल्या रेल्वेगाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं हा आकडा 1 लाखापर्यंत जावा लागतो, ही जुनी कसोटी. 20 गाड्या असतील तर 5,000 वाहनं हवीत. आडगावात ते अवघड आहे.

आणि उभ्या मालगाडीखालून मुलांना जाऊ देऊ नका, हात जोडून सांगतो. गाडी कधी हलेल ते मुलांना कळत नाही, आणि पुढे इंजिनात बसलेल्या ड्रायव्हरला चाकांमधलं मूल दिसत नाही.