पासवर्ड बदलला तरी शेजारचे पोट्टे पुन्हा आमच्या वायफायवर येतात. काय करावं?

बहुतेक पासवर्ड घरातूनच फुटतोय. अँड्रॉइडमध्ये वायफायचं 'शेअर' दाबलं की क्यूआर येतो, बऱ्याच फोनमध्ये त्याखाली पासवर्डही साध्या अक्षरांत दिसतो. एका पाहुण्याला दाखवला की गावभर झाला. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये वेगळं 'गेस्ट नेटवर्क' सुरू करा, मुख्य पासवर्ड कोणालाच देऊ नका.

आता राउटर. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, नाही उघडलं तर पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो. आधी लॉगिनचा अॅडमिन पासवर्ड बदला. तो जुनाच राहिला तर एकदा जोडलेला कोणीही आत शिरून सेटिंग बदलू शकतो. मग डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. त्याचा पिन ८ आकडी असला तरी दोन तुकड्यांत तपासला जातो, म्हणून जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो. वायफायच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२-एईएस किंवा डब्ल्यूपीए३ हा पर्याय ठेवा, वायफायचा पासवर्ड १२ अक्षरांच्या वर. मोबाइल नंबर तर नकोच, अख्ख्या गावाला पाठ असतो.

नेटवर्कचं नाव लपवण्यात वेळ घालवू नका, फुकट मिळणारं सॉफ्टवेअरही ते हुडकतं.

लाइन गेली तरी सेटिंग जात नाही. पण रिसेटच्या भोकात कोणी टाचणी दाबून धरली की स्टिकरवरचा मूळ पासवर्ड परत येतो, म्हणून राउटर ओसरीत लावू नका.