‘तहकूब’ आणि ‘स्थगित’ : सभा थांबली, पण कशी?

प्रश्न असा आहे : गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला पुरेसे सभासद जमले नाहीत, म्हणून अर्ध्या तासाने सभा घेतली. इतिवृत्तात चिटणिसांनी ‘सभा स्थगित केली’ असे लिहिले. एका ज्येष्ठ सभासदांनी ते खोडून ‘तहकूब’ केले. दोन्हींचा अर्थ एकच नाही का?

नाही. खोडणारे बरोबर आहेत.

सभेच्या भाषेत ‘तहकूब’ म्हणजे थांबवलेली, पण न संपलेली सभा. ती पुन्हा भरते तेव्हा नवी नसते, आधीचीच पुढे चालू होते. म्हणूनच तहकूब सभेत कार्यक्रमपत्रिकेबाहेरचा नवा विषय घेता येत नाही. संस्थेच्या उपविधींप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती, म्हणजे सभा चालवायला लागणारी किमान हजेरी. ती झाली नाही तर अर्धा तास थांबायचे, आणि मग गणपूर्तीची अट उरत नाही. नोटिशीच्या तळाशी हे छापलेलेच असते. पुष्कळ सभासद ते वाचून मुद्दाम अर्धा तास उशिरा येतात, तो भाग वेगळा.

गंमत अशी की ‘तहकूब सभा’ हा शब्दप्रयोग थांबलेल्या सभेसाठी नव्हे, तर नंतर भरणाऱ्या सभेसाठीच रुळला आहे. ‘आज तहकूब ग्रामसभा आहे’ असे गावात कोणी सांगितले तर ती आज होणार आहे! आधीच्या तारखेला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी कमी असलेला आकडाही गाठला गेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. नवख्याला हे उलटे वाटते. महापालिकेत तर एखाद्याच्या निधनानंतर श्रद्धांजली वाहून सभा तहकूब करतात. तिथे गणपूर्तीचा संबंधच नसतो, पण विषय मात्र पुढच्या बैठकीसाठी जिवंत राहतात.

‘स्थगित’चे वळण निराळे. बोलताना दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात आणि वर्तमानपत्रांतही ‘कामकाज स्थगित’ सर्रास छापतात, त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. पण ‘स्थगिती’ म्हटले की बाहेरून कोणीतरी रोखल्याचा वास येतो. कोर्टात ‘सुनावणी तहकूब’ म्हणजे पुढची तारीख पडली. ‘आदेशाला स्थगिती’ म्हणजे अंमलबजावणी थांबली. तुमच्या ‘सभेला स्थगिती मिळाली’ असे लिहिले, तर वाचणारा विचारेल, कोणत्या कोर्टातून आणली?

मग ‘स्थगन प्रस्ताव’चे काय? तो सभागृह उठवण्यासाठी नसतो. ठरलेले कामकाज बाजूला ठेवून तातडीच्या सार्वजनिक प्रश्नावर आधी बोलू द्या, अशी ती मागणी असते. लोकसभेत तो मांडण्याच्या अनुमतीला विरोध झाला तर किमान ५० सदस्य पाठिंब्यासाठी उभे राहावे लागतात, आणि त्यात सरकारवर ठपका ठेवण्याचा सूर असल्याने राज्यसभेत हा प्रस्ताव येतच नाही. जुन्या मराठीत यालाच ‘तहकुबी सूचना’ म्हणत. हा शब्द मला अधिक आवडतो, पण आता तो मागे पडला आहे.

राहिला ‘संस्थगित’. हा सभेचा नव्हे, अधिवेशनाचा शब्द : संस्थगित करणे म्हणजे अख्खे अधिवेशनच संपवणे. दिवसाचे कामकाज अध्यक्ष तहकूब करतात. विधिमंडळाचे अधिवेशन मात्र संविधानाच्या अनुच्छेद १७४ प्रमाणे राज्यपाल संस्थगित करतात. (संविधानाच्या मराठी आवृत्तीत ‘सत्रसमाप्ती’ आहे, तो शब्द जास्त सरळ.) अधिवेशन संस्थगित झाले म्हणून सभागृहापुढची विधेयके व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, होत नाहीत.

तेव्हा चिटणिसांनी लिहावे : ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात आली व अर्ध्या तासानंतर त्याच ठिकाणी पुढे सुरू झाली.’ पाऊस कोसळतोय म्हणून सभा सुरू होण्याआधीच दुसरी तारीख दिली असेल, तर ‘सभा पुढे ढकलली’ एवढेच पुरे.